चंबू ते कारखाना : एनसीएलची पंचाहत्तर वर्षे

३ जानेवारी १९५० रोजी पंडित नेहरूंच्या हस्ते पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेचे म्हणजे एनसीएलचे उद्घाटन झाले. २०२५ च्या जानेवारीत त्या दिवसाला पंचाहत्तर वर्षे पूर्ण झाली. अमृतमहोत्सवी स्मरणिकेसाठी संस्थेचा इतिहास लिहायचा तर शोधनिबंध, पुरस्कार आणि मानसन्मान यांची जंत्री देता आली असती; पण ती वार्षिक अहवालांत आहेच. इथे मुख्यतः एकाच धाग्याचा माग घेतला आहे. कारखानदार, औषध कंपन्या, शेतकरी, परदेशी उद्योग, अलीकडचे नवउद्योजक अशी आवाराबाहेरची माणसे आत कशी आली आणि त्यांच्या येण्याने संस्था कशी घडत गेली, हा तो धागा. एखादे रसायन चंबूत तयार होते आणि पुढे ते टनावारी बाजारात जाते. या दोहोंमधली वाट कोणतीही प्रयोगशाळा एकट्याने चाललेली नाही. एनसीएलही नाही.

पूर्वपीठिका : चाळीसचे दशक

वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषद म्हणजे सीएसआयआर या मातृसंस्थेची स्थापना २६ सप्टेंबर १९४२ ची. तिचे शिल्पकार डॉ. शांतिस्वरूप भटनागर. भटनागर लाहोरला प्राध्यापक असताना अॅटॉक ऑइल कंपनी एक अडचण घेऊन त्यांच्याकडे आली होती. तेलाची विहीर खणताना वापरला जाणारा चिखल भूगर्भातल्या क्षारांशी गाठ पडली की घट्ट होई आणि खोदकाम अडून बसे. भटनागरांनी त्यात डिंक मिसळण्याचा उपाय सांगितला आणि काम पुढे सरकले. खूश झालेल्या, अॅटॉकशी संबंधित स्टील ब्रदर्स या कंपनीने संशोधनासाठी दीड लाख रुपये देऊ केले. ती रक्कम भटनागरांनी स्वतःकडे न ठेवता विद्यापीठाकडे वळवली आणि तिथे पेट्रोलियम संशोधनाचा विभाग उभा राहिला. प्रश्न कारखान्याचा, उत्तर प्रयोगशाळेचे आणि पैसा पुढच्या संशोधनाला, ही रीत एनसीएलची पहिली वीट बसण्याआधीच ठरून गेली होती, असे म्हटले तरी चालेल.

पुण्याजवळ, तेव्हा गावाबाहेर असलेल्या पाषाणच्या माळावर ६ एप्रिल १९४७ रोजी मुंबई राज्याचे पंतप्रधान बाळासाहेब खेर यांनी कोनशिला बसवली. मुख्यमंत्र्याला त्या काळी पंतप्रधान म्हणत. उभारणीला टाटांच्या देणगीचा मोठा हातभार लागला. सरकारी प्रयोगशाळेच्या पायात खासगी उद्योगाचा पैसा असणे आज नवलाचे वाटत नाही. स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर ती साधी गोष्ट नव्हती. मुंबईच्या कापड गिरण्या आणि रसायनांचे कारखाने पुण्याहून रेल्वेने काही तासांवर होते, याचा उपयोग पुढे आयुष्यभर झाला.

पन्नासचे दशक : घडी बसवताना

पहिले संचालक प्रा. जेम्स मॅकबेन. अमेरिकेतल्या स्टॅनफर्ड विद्यापीठातली कारकीर्द संपवून, इतर लोक आरामखुर्ची शोधतात त्या वयात ते पुण्याला आले. साबणाचे रेणू पाण्यात एकत्र येऊन कसे पुंजके बनवतात, या विषयातले ते जगातले अग्रणी. त्यांच्यानंतर १९५२ मध्ये प्रा. जॉर्ज फिंच आले. फिंच यांच्याबद्दल थोडे विषयांतर करायला हवे.

१९२२ च्या एव्हरेस्ट मोहिमेत फिंच होते आणि ८,३०० मीटरच्या वर पोहोचले होते. त्या उंचीवर बाटलीतला प्राणवायू वापरावा की नाही यावर तेव्हाच्या गिर्यारोहकांत मोठा वाद होता. फिंच वापरणाऱ्यांच्या बाजूचे. थंडीसाठी त्यांनी फुग्याच्या कापडात पक्ष्यांची पिसे भरून स्वतःच एक कोट करून घेतला होता. सोबत्यांनी आधी थट्टा केली, वर गेल्यावर हेवा केला. आजच्या पिसांच्या जॅकेटचा तो पूर्वज. ज्याला थंडी वाजते त्यालाच कोट कसा असावा हे सुचते, याचे एवढे चोख उदाहरण दुसरे सापडणार नाही, आणि तो माणूस पाच वर्षे आपला संचालक होता!

या दशकात दोन व्यवस्था उभ्या राहिल्या. एक घरातली, एक बाहेरची. १९५१ मध्ये औद्योगिक सूक्ष्मजीवांचा राष्ट्रीय संग्रह एनसीएलमध्ये सुरू झाला. यीस्ट, बुरशी, जिवाणू यांचे वाण क्रमांक देऊन जपायचे आणि मागेल त्या कारखान्याला, महाविद्यालयाला, संशोधकाला पुरवायचे, असे त्याचे काम. मळीपासून मद्यार्क काढणाऱ्यांना खात्रीचे यीस्ट लागते, प्रतिजैविके बनवणाऱ्यांना बुरशीचा शुद्ध वाण लागतो. या विभागाची वर्तमानपत्रांत बातमी होत नाही, समारंभात त्याला पुष्पगुच्छ मिळत नाही. पण पंचाहत्तर वर्षांत बाहेरच्या जगाशी सर्वांत सलग नाते कोणी राखले असेल तर या थंड खोल्यांतल्या नळ्यांनी, असे लेखकाचे स्पष्ट मत आहे.

दुसरी व्यवस्था १९५३ ची. सीएसआयआरच्या प्रयोगशाळांत तयार झालेल्या प्रक्रिया उद्योगांना देण्यासाठी राष्ट्रीय संशोधन विकास महामंडळ स्थापन झाले. हेतू चांगला होता. मात्र त्यामुळे शास्त्रज्ञ आणि कारखानदार यांच्यामध्ये एक टेबल आले. प्रक्रिया लिहून द्यायची, महामंडळाने परवाना द्यायचा, कारखान्याने पैसे भरायचे. ज्याच्या हातून पदार्थ तयार झाला तो आणि ज्याला तो तयार करायचा आहे तो, यांची गाठ उशिरा पडे. या टेबलाचा उल्लेख पुढे पुन्हा येईल.

साठचे दशक : मुंबईचे रंग, पुण्याचे चंबू

१९५७ मध्ये डॉ. के. वेंकटरामन हे पहिले भारतीय संचालक झाले. मुंबई विद्यापीठाच्या रासायनिक तंत्रज्ञान विभागाचे म्हणजे यूडीसीटीचे ते आधी संचालक होते आणि कृत्रिम रंगांवरचा त्यांचा ग्रंथ जगभर प्रमाण मानला जाई. त्यांच्याबरोबर मुंबईच्या रंग आणि कापड उद्योगांशी असलेली ओळखही पाषाणला आली. यूडीसीटीत शिकलेली मुले गिरण्यांत आणि रंगांच्या कारखान्यांत अधिकारी होती, तिथलीच काही एनसीएलमध्ये संशोधक होती. दोघांची भाषा एक असल्याने अर्धे काम सोपे होई. वनस्पतिजन्य द्रव्ये, सुगंधी तेले, लाख यांवरचे मूलभूत काम याच काळात बहरले. डॉ. सुखदेव यांच्यासारख्या रसायनशास्त्रज्ञांमुळे संस्थेचे नाव परदेशी नियतकालिकांत नेमाने दिसू लागले.

१९६६ साली रुपयाचे अवमूल्यन झाले आणि त्याच वर्षी डॉ. बा. द. टिळक यांनी सूत्रे घेतली. परकीय चलनाचा तुटवडा असा होता की बाहेरून आणायचे प्रत्येक पिंप मोजून आणावे लागे. साहजिकच 'आयातीला पर्याय' हा संस्थेचा मंत्र झाला.

सत्तरचे दशक : देशी प्रक्रियांचा काळ

१९७० चा पेटंट कायदा १९७२ मध्ये लागू झाला. औषधे आणि अन्नपदार्थ यांच्याबाबतीत पदार्थावर पेटंट नाही, फक्त तो बनवण्याच्या पद्धतीवर, असे या कायद्याने ठरवले. म्हणजे तेच औषध दुसऱ्या वाटेने बनवले तर ते बनवणाऱ्याचे. दुसरी वाट शोधणे हे एनसीएलच्या कार्बनी रसायनशास्त्रज्ञांच्या हातचे काम. भारतीय औषध कंपन्या आणि आपली प्रयोगशाळा यांची जवळीक वाढली ती या कायद्यामुळे, हे मोकळेपणाने सांगायला हवे. कीटकनाशके, रंगांची मध्यवर्ती द्रव्ये, औषधांचे कच्चे घटक अशा अनेक प्रक्रिया या काळात हातावेगळ्या झाल्या.

इथेच ते टेबल आडवे आले. कागदावरची प्रक्रिया आमच्या रिअॅक्टरमध्ये चालत नाही, अशी उद्योगांची तक्रार सीएसआयआरच्या सर्वच प्रयोगशाळांबद्दल असे. कारखान्याला सांगितलेले तापमान पाळायला नको, असे शास्त्रज्ञांचे म्हणणे. दोघांचेही थोडे खरे होते. चंबूत शंभर ग्रॅम माल ढवळताना निर्माण होणारी उष्णता काचेतून सहज निघून जाते. हजार लिटरच्या भांड्यात ती अडकते, माल काळा पडतो, कधी भांडेच धोक्यात येते. चंबूची काच गंजत नाही, कारखान्याचे पोलाद गंजते. हे शहाणपण ग्रंथालयात मिळत नव्हते. ते पायलट प्लांटवर मिळाले, आणि तिथे शास्त्रज्ञाइतकाच फिटर, बॉयलर सांभाळणारा, रात्रपाळीचा ऑपरेटर आणि हवी तशी काच फुंकून देणारा ग्लासब्लोअर हेही गुरू होते. या मंडळींची नावे शोधनिबंधांवर नाहीत. संस्थेचा इतिहास मात्र त्यांना वगळून लिहिता येत नाही.

टिळकसाहेब १९७८ मध्ये निवृत्त झाले आणि त्यानंतर त्यांनी ग्रामीण भागासाठी विज्ञान-तंत्रज्ञान वापरण्याच्या कामाला वाहून घेतले.

ऐंशीचे दशक : भागीदार टेबलाच्या अलीकडे

या दशकावर जरा रेंगाळायला हवे, कारण संस्थेने भागीदारी म्हणजे काय ते इथे शिकून घेतले.

डॉ. एल. के. दोराईस्वामी १९७८ पासून संचालक. ते रासायनिक अभियंते, १९५४ पासून याच संस्थेत वाढलेले. प्रक्रिया पूर्ण झाल्यावर गिऱ्हाईक शोधायचे, हा क्रम त्यांच्या काळात उलटा होऊ लागला. गिऱ्हाईक आधी, प्रक्रिया त्याच्याबरोबर.

पहिले उदाहरण सदाफुलीचे. आपल्या अंगणातल्या या झाडाच्या पानांत व्हिनब्लास्टिन आणि व्हिनक्रिस्टिन ही कर्करोगावरची द्रव्ये असतात. व्हिनक्रिस्टिन लहान मुलांच्या रक्ताच्या कर्करोगात दिले जाते. अडचण अशी की पानांत त्यांचे प्रमाण अगदी नगण्य. ढीगभर पाने वाळवून, अर्क काढून, पायरीपायरीने शुद्ध करत गेले की हाती काही ग्रॅम येणार. प्रयोगशाळेला अर्क वेगळा करता येतो, पण पानांचा पुरवठा, शुद्धतेची हमी आणि डॉक्टरांपर्यंत औषध नेणे हे कंपनीचे काम. सिप्लाने एनसीएलच्या सहकार्याने १९८४ मध्ये ही दोन्ही औषधे देशात विकसित केली. एकाने शोधले आणि दुसऱ्याने विकले अशी ही वाटणी नव्हती. दोघांचे हात एकाच पातेल्यात होते.

दुसरे उदाहरण उत्प्रेरकांचे, आणि आकाराने फार मोठे. पॉलिएस्टर धाग्यासाठी पॅरा-झायलिन लागते. तेल शुद्धीकरणातून मिळणाऱ्या प्रवाहात झायलिनची तीन भावंडे एकत्र असतात, सोबत इथिलबेंझीनही. नको असलेल्यांचे रूपांतर पॅरात करायला खास उत्प्रेरक हवा आणि तो परदेशातून येई. डेहराडूनच्या भारतीय पेट्रोलियम संस्थेतून १९७९ मध्ये आलेले डॉ. पॉल रत्नसामी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी झिओलाइटवर आधारित उत्प्रेरक घडवला. झिओलाइट ही रेणूंची चाळण असते: सरळ बांध्याचा पॅरा रेणू तिच्या भोकांतून सहज बाहेर पडतो, वाकडे बांधे आत अडखळतात आणि रूपांतर होईपर्यंत फिरत राहतात. 'एन्सिलाइट' हे त्याचे नाव. वडोदऱ्याच्या आयपीसीएल या सरकारी पेट्रोरसायन कंपनीने आपला चालू प्रकल्प त्यासाठी खुला केला, एसीसी या सिमेंटच्या कंपनीने उत्प्रेरक मोठ्या प्रमाणावर बनवण्याची बाजू उचलली आणि १९८५ मध्ये 'झायलोफायनिंग' प्रक्रिया आयपीसीएलमध्ये सुरू झाली.

यातला धोका कोणी पत्करला ते नीट पाहावे. उत्प्रेरक फसला असता तर आमचा एक अहवाल वाया गेला असता. आयपीसीएलचा मात्र चालता प्रकल्प बंद पडला असता. सार्वजनिक क्षेत्रातल्या अधिकाऱ्यांनी परदेशी नाव सोडून देशी उत्प्रेरक भट्टीत भरायचे धाडस केले, त्या धाडसाचे श्रेय आपण आजवर पुरेसे दिलेले नाही. ते या स्मरणिकेत तरी द्यावे. याच घराण्यातली 'अल्बीन' ही प्रक्रिया मद्यार्क आणि बेंझीनपासून इथिलबेंझीन बनवते. ती १९८९ मध्ये विशाखापट्टणमच्या हिंदुस्थान पॉलिमर्सने वापरात आणली. इथिलीन जिथे सहज मिळत नाही तिथे मळीतून निघालेला मद्यार्क चालतो, ही गोष्ट साखर कारखान्यांच्या महाराष्ट्रात वेगळी समजावून सांगायला नको.

शेतीकडेही हात गेले. पाणी धरून ठेवणारे 'जलशक्ती' हे बहुवारिक म्हणजे पॉलिमर आणि ऊतिसंवर्धनातून ऊस, हळद, वेलदोडा, निलगिरी यांची रोपे, ही या काळातली कामे. ऊतिसंवर्धनाच्या गटाचे १९९० मध्ये 'नेचर' या नियतकालिकात मोठे नाव झाले, कारण अनेक वर्षांनी एकदाच फुलणारा बांबू त्यांनी काचेच्या नळीत फुलवून दाखवला. आता नळीतले फूल पाहून जग चकित झाले, शेतकऱ्याला मात्र फुलापेक्षा बांधावर टिकणारे रोप हवे असते. त्या दोहोंत किती अंतर आहे याची जाणीव गटाला होती आणि शेतांवरच्या चाचण्या त्यासाठीच होत्या.

नव्वदचे दशक : परदेशी दार

१९८९ मध्ये डॉ. रघुनाथ माशेलकर संचालक झाले. गोव्यातल्या माशेलचे, मुंबईत वाढलेले, यूडीसीटीत शिकलेले आणि १९७६ पासून एनसीएलचे. १९९१ च्या उदारीकरणाने आयातीचे दरवाजे उघडले आणि 'आयातीला पर्याय' हा जुना मंत्र एका झटक्यात निकामी झाला. जे बाहेरून स्वस्त मिळते ते इथे पुन्हा कशाला बनवायचे? माशेलकरांचे उत्तर होते की मग बाहेरच्यांना हवे असलेले ज्ञान इथे तयार करू आणि त्यांना विकू. आधी पेटंट, मग शोधनिबंध, असा क्रम ठरला. शोधनिबंधावर वाढलेल्या पिढीला तो पचायला वेळ लागला. पुढे सवय झाली.

पॉलिकार्बोनेट हे जनरल इलेक्ट्रिकचे म्हणजे जीईचे हुकमी उत्पादन. त्याच्या घन अवस्थेतल्या बहुवारिकीकरणावर एनसीएलच्या गटाने घेतलेली पेटंटे जीईच्या नजरेत भरली आणि त्यातून दीर्घकाळचा संशोधन करार झाला. ड्यूपाँटही आली. १९८८ मध्ये आयपीसीएलमधून आलेले डॉ. स्वामिनाथन शिवराम यांच्या नेतृत्वाखालच्या पॉलिमर गटाने हा भार पेलला. जगातल्या सर्वांत श्रीमंत संशोधन विभागांपैकी एक ज्याच्या घरात आहे, त्याने पाषाणला काम द्यावे याचा अर्थ काय? सगळी हुशार माणसे आपल्याच पगारपटावर असू शकत नाहीत, हे मोठ्या कंपन्यांना त्या सुमारास कळू लागले होते. २००० साली प्रॉक्टर अँड गॅम्बलने आपल्या नव्या कल्पनांपैकी निम्म्या बाहेरून आणायच्या असे ठरवले आणि २००३ मध्ये अमेरिकी प्राध्यापक हेन्री चेसब्रो यांनी 'खुल्या नवनिर्मिती'वर पुस्तक लिहिले. पाषाण रस्त्यावर तो व्यवहार त्याआधीच हिशेबाच्या वहीत आला होता.

करदात्यांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने परदेशी कंपनीसाठी काम करावे का, अशी चर्चा तेव्हा झाली. ती आरोग्यदायी होती. माशेलकर १९९५ मध्ये सीएसआयआरचे महासंचालक झाले आणि एनसीएलची धुरा रत्नसामींकडे आली.

एकविसावे शतक, पहिले दशक : आवारातच उद्योग

२००० साली सीएसआयआरने 'न्यू मिलेनियम' उपक्रम सुरू केला. एका प्रकल्पात अनेक प्रयोगशाळा, विद्यापीठे आणि खासगी कंपन्या एकत्र, अशी त्याची रचना. हायड्रोजनवर चालणाऱ्या इंधन घटाचे एनसीएलमधले काम याच छत्राखाली वाढले. कराईकुडीची विद्युतरसायन संशोधन संस्था त्यात सोबती होती.

शिवराम २००२ ते २०१० संचालक होते. त्यांच्या काळात, २००७ मध्ये, व्हेंचर सेंटर सुरू झाले. आतापर्यंत कारखाना बाहेर आणि प्रयोगशाळा आत होती. आता एखाद्या तरुण अभियंत्याला, डॉक्टरला किंवा आपल्याच माजी विद्यार्थ्याला आवारात बाक, उपकरणे, पेटंटचा सल्ला आणि शेजारी बसलेला शास्त्रज्ञ हे सगळे मिळू लागले. नव्या कंपनीकडे लाखो रुपयांचे यंत्र घ्यायला पैसे नसतात. ते तासाच्या भाड्याने मिळाले की वर्ष वाचते. वैद्यकीय उपकरणे, जैवतंत्रज्ञान आणि नवी द्रव्ये या क्षेत्रांतल्या अनेक छोट्या कंपन्यांचे पहिले दिवस इथे गेले. त्यांतल्या काही बंद पडल्या. तेही इथे अपेक्षितच होते.

दुसरे दशक आणि आज

डॉ. सौरव पाल आणि डॉ. अश्विनी नांगिया यांच्या कार्यकाळानंतर २०२१ मध्ये डॉ. आशिष लेले संचालक झाले. लेले मूळचे एनसीएलचेच. मधली काही वर्षे ते रिलायन्सच्या संशोधन विभागात होते आणि तिथून परत आले. पूर्वी असे जाणे म्हणजे संस्था सोडणे समजले जाई. आता ते अनुभवात धरले जाते.

१० ऑक्टोबर २०२० रोजी इंधन घटावर चालणाऱ्या देशी मोटारीच्या नमुन्याच्या चाचण्या एनसीएलच्या आवारात यशस्वी झाल्या. पुण्याची केपीआयटी कंपनी यातली भागीदार. ऑगस्ट २०२२ मध्ये त्याच भागीदारीतून तयार झालेली हायड्रोजन बस पुण्यातच लोकांसमोर आली. कोविडच्या काळात पातळ पडद्यांनी हवेतला प्राणवायू वाढवणारे यंत्र आणि नाकातून नमुना घेण्याच्या काड्या यांवर संस्थेने उद्योगांबरोबर घाईने काम केले. काडीसारखी साधी वस्तूही त्या महिन्यांत परदेशातून येत होती, हे आठवले म्हणजे साठच्या दशकातली मोजून आणलेली पिंपे डोळ्यांपुढे येतात. आज हरित हायड्रोजन, प्लॅस्टिकचा पुनर्वापर, जैवभारापासून रसायने आणि औषधांसाठी सतत चालणाऱ्या रासायनिक प्रक्रिया हे संस्थेचे चालू विषय आहेत आणि जवळजवळ प्रत्येकात कुणी ना कुणी बाहेरचा भागीदार आहे.

हा इतिहास प्रयोगशाळेच्या बाजूने लिहिलेला आहे. टेबलाच्या पलीकडची बाजू त्यात अपुरी राहिली आहे. ज्या कारखान्यांनी एनसीएलची प्रक्रिया चालवून पाहिली, यशस्वी केली किंवा सोडून दिली, त्यांतल्या निवृत्त अभियंत्यांकडे, ऑपरेटरांकडे आणि त्यांच्या कुटुंबीयांकडे जुन्या लॉगबुका, प्लांटची छायाचित्रे, पत्रव्यवहार असेल. तो रद्दीत जाण्यापूर्वी संस्थेच्या ग्रंथालयाकडे पोहोचवावा, ही सर्वांना आग्रहाची विनंती. फसलेल्या चाचण्यांच्या नोंदी असतील तर त्या आधी पाठवाव्यात.